मनगटातला बोगदा आणि ऐकू न येणारा ध्वनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांना मानाचे स्थान मिळावे हे स्वाभाविकच आहे. मनगटालाही ते मिळाले, हे आम्ही कार्यकारिणीचे औदार्य समजतो. तथापि या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी काही जण मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जागे होत असतील, उठून हात झटकत असतील, आणि सकाळी त्याविषयी घरात चकार शब्द काढत नसतील, अशी आमची खात्री आहे. आजचे चार शब्द प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

या व्याधीला कार्पल टनेल सिंड्रोम असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी रचना समजण्यास कठीण नाही. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस लहान लहान हाडांची एक पन्हळ आहे. तिच्यावर एक जाड, चिवट, आडवा अस्थिबंध ताणून बसविलेला आहे. अशा रीतीने जो बोगदा तयार होतो त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. या मज्जातंतूस मीडियन नर्व्ह म्हणतात. आपण त्याला मध्य मज्जातंतू म्हणू. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची संवेदना तो वाहून नेतो, आणि अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्यातील बहुतेक स्नायू तोच चालवितो. करंगळी मात्र त्याच्या हद्दीबाहेरची. म्हणून ज्याच्या अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी शाबूत, त्याने आपले निदान जवळजवळ स्वतःच करून आणलेले असते.

बोगद्याच्या भिंती हाडाच्या आणि छत चिवट. आत दाटी झाली म्हणजे कोणालातरी चेपून घ्यावेच लागते, आणि ते सर्वांत मऊ असलेल्याच्या वाट्याला येते. दाटी होण्याची कारणे अनेक आहेत. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, मधुमेह, संधिवात, गरोदरपणी अंगात साठणारे पाणी, पूर्वी मोडून बसलेले मनगट, यांपैकी एखादे कारण सापडते. पुष्कळदा यांतले काहीच सापडत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ही व्याधी अधिक आढळते. मनगट मुडपून जोर लावण्याचे काम वरचेवर घडत असेल तर तीत भर पडते. आपल्या या गावात चकली दुकानात मिळत नाही. म्हणून मंडळातील पाच-सहा भगिनी दरवर्षी दिवाळीपूर्वी साऱ्या वसाहतीची चकली पाडतात, हे आपण सर्वजण कौतुकाने सांगतो. त्या सोऱ्याचा दांडा पिळताना मनगटाची अवस्था काय होते, याचा विचार चकली खाणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. सगळा दोष सोऱ्याच्या माथी मारावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या हाताला आधीच मुंग्या येत आहेत त्याला तो मानवत नाही.

दुखणे रात्री का वाढते? झोपेत मनगट नकळत मुडपले जाते, बोगद्यातील दाब वाढतो, आणि मज्जातंतूला पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात. हात झटकला, खाली सोडला की रक्त पुन्हा वाहू लागते आणि मुंग्या शमतात. हा प्रकार इतका ठरलेला आहे की ‘रात्री जाग आल्यावर आपण काय करता?’ असे विचारताच रुग्ण बोलण्याऐवजी हात झटकूनच दाखवितात. असे असूनही यातील अनेकजण आमच्याकडे येण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे गळ्यात मानेचा पट्टा बांधून हिंडलेले असतात. कोणी वात म्हणून तेल चोळलेले असते, तर कोणी डावा हात म्हणून हृदयाची धास्ती घेतलेली असते.

आता थोडा इतिहास. सन १८८० मध्ये बॉस्टन येथील जेम्स जॅक्सन पटनम या वैद्याने सदतीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रात्री हात बधिर होतात, झटकल्याने बरे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. पटनम यांनी जे ऐकले ते अचूक टिपून ठेवले. कारण मात्र त्यांना रक्तवाहिन्यांच्या आकुंचनात शोधावेसे वाटले, कारण हाताच्या आत पाहण्याचे साधनच नव्हते. योगायोग असा की त्याच १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी काही स्फटिक दाबले असता त्यांच्यात वीज निर्माण होते असे दाखवून दिले. त्याच्या उलट, वीज दिली तर स्फटिक कंप पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. आज सोनोग्राफीच्या यंत्राला जोडलेला जो हातात धरण्याचा भाग असतो त्याचे मर्म या शोधातच आहे. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन वाटा एकमेकींना मिळावयास एकशेदहा वर्षे लागली.

मधला एक टप्पा सांगितला पाहिजे. सन १९१३ मध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या फ्रेंच वैद्यांनी एका ऐंशी वर्षांच्या मृत स्त्रीच्या हातांची तपासणी केली. दोन्ही अंगठ्यांच्या बुडचे स्नायू पार झिजून गेले होते. मनगट उघडून पाहता मज्जातंतू अस्थिबंधाच्या खाली चेपून बारीक झालेला, आणि त्याच्या किंचित अलीकडे गाठीसारखा फुगलेला आढळला. ओढ्यावर बंधारा घातला म्हणजे त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, तसे. हा अस्थिबंध वेळीच कापला असता तर हातांची ही दुर्दशा कदाचित टळली असती, असे त्यांनी लिहून ठेवले. ही शस्त्रक्रिया पुढे रूढ होण्यास बराच काळ गेला. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील जॉर्ज फेलन यांनी १९५० नंतरच्या दशकात या व्याधीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले तेव्हा ती खऱ्या अर्थाने सर्वत्र पोहोचली. परंतु तुंबलेला तो मज्जातंतू जिवंत माणसात डोळ्यांनी पाहण्याची सोय तेव्हाही नव्हती. विजेचे हलके झटके देऊन मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजण्याची चाचणी तेवढी उपलब्ध झाली, आणि ती आजही मोलाची आहे.

सन १९९१ आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे बुखबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म भेद दाखविणारी सोनोग्राफी मनगटावर लावून जे चित्र प्रसिद्ध केले, ते मारी आणि फ्वा यांनी शवविच्छेदनाच्या मेजावर पाहिले होते तेच होते. अलीकडे फुगवटा, आत चपटेपणा, आणि वर कमानीसारखे उचललेले छत. फरक एवढाच की हे हात जिवंत होते, आणि त्यांच्यावर उपचार करता येणार होते.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गर्भवती स्त्री येते, म्हणून या यंत्राविषयी दोन शब्द. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मज्जातंतू पाहण्यासाठी जो ध्वनी वापरतात त्याची कंपने सेकंदास बारा ते अठरा दशलक्ष, किंबहुना त्याहूनही अधिक असतात. कंपने जितकी जास्त तितकी लाट आखूड, आणि लाट जितकी आखूड तितके चित्र बारीक. पंधरा दशलक्ष कंपनांच्या ध्वनीची लाट शरीरात सुमारे एक दशांश मिलिमीटर लांबीची असते. असा ध्वनी खोलवर जात नाही, वाटेतच विरतो. परंतु मनगटातील मज्जातंतू त्वचेपासून सेंटिमीटरभराच्या आतच असतो, त्यामुळे त्याचे येथे काही बिघडत नाही. हातावर थंडगार लेप लावावयाचा, यंत्राचा भाग हलकेच टेकवावयाचा, आणि पडद्यावर पाहावयाचे. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, वेदना नाही. निरोगी मज्जातंतूचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो: उजळ जाळीत काळे ठिपके. तो तुंबला म्हणजे जाळी पुसट होते आणि सबंध छेद काळवंडतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. व्यायामोपचार केंद्रात दुखऱ्या भागावर शेकासाठी फिरवितात त्या यंत्रालाही अल्ट्रासाउंड असेच म्हणतात. ते पाहण्याचे यंत्र नव्हे. ‘आमची सोनोग्राफी दहा वेळा झाली, काही फरक पडला नाही’ असे सांगणारे रुग्ण बहुधा या शेकाविषयी बोलत असतात.

मनगटाच्या घडीशी, करंगळीच्या बाजूस, वाटाण्याएवढे एक हाड बोटाने चाचपता येते. त्याच्या पातळीवर मध्य मज्जातंतूचा आडवा छेद घ्यावयाचा, त्याच्या उजळ कडेच्या आतून रेषा फिरवावयाची, आणि यंत्र त्या छेदाचे क्षेत्रफळ सांगते. निरोगी प्रौढात ते साधारणतः सात ते नऊ चौरस मिलिमीटर असते. दहाच्या पुढे गेले की संशय घ्यावयाचा. ही मर्यादा निरनिराळ्या केंद्रांनी नऊपासून बारापर्यंत निरनिराळी धरलेली आहे, आणि आमच्या मते या एका आकड्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. थोराड हाताचा मज्जातंतू मुळातच मोठा असणार. म्हणून त्याच हातावर कोपराच्या दिशेने सुमारे बारा सेंटिमीटर वर दुसरे माप घेऊन दोहोंची तुलना करतात. मनगटातील माप वरच्या मापाच्या दीडपटीच्या आसपास किंवा अधिक भरले तर अडचण मनगटातच आहे असे समजावे. ज्याचे त्याच्याशीच तोलून पाहण्याची ही रीत आम्हाला अधिक न्याय्य वाटते.

येथवर निदानाची गोष्ट झाली. निदान अनेकदा सोनोग्राफीवाचूनही होते. अनुभवी वैद्य ते हकीकतीवरून आणि हात पाहून करतो. आम्हाला आज मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते पुढचे. उपचार सुरू झाल्यावर मज्जातंतू खरोखरच सुटतो आहे की नाही, हे कसे जाणावे?

प्रश्न साधा वाटतो. रुग्णाला विचारावे, बरे वाटते का. परंतु या व्याधीत रुग्णाचे ‘बरे वाटते’ दोन अगदी विरुद्ध कारणांनी येऊ शकते. मज्जातंतू सुटला तर मुंग्या थांबतात. आणि मज्जातंतू इतका खराब झाला की कुरकुर करण्याचीही ताकद त्याच्यात उरली नाही, तरीही मुंग्या थांबतात. एका निवृत्त गृहस्थांची हकीकत सांगतो. मधुमेह जुना, दोन्ही हातांची तक्रार पाच-सहा वर्षांची. एके दिवशी त्यांनी आनंदाने सांगितले की गेले काही महिने रात्री झोप लागते, आता काही करावयास नको. सदऱ्याची बटणे मात्र पत्नी लावून देत असे. त्याचा संबंध त्यांनी वयाशी जोडला होता. त्यांचे तळहात समोर ठेवून पाहिले तर अंगठ्याच्या बुडचा उंचवटा बसून तेथे खळगा पडलेला. सोनोग्राफीत मज्जातंतू निरोगी मापाच्या दुपटीहून अधिक फुगलेला आणि पोळ्याची जाळी पार नाहीशी झालेली. त्यांचा हात बरा झालेला नव्हता, तो गप्प झालेला होता. शस्त्रक्रियेनंतर पुढील झीज थांबली, बोटांच्या टोकांना थोडीफार जाणीव परत आली. अंगठ्याचा उंचवटा मात्र भरून आला नाही. आधी एकदा मोजले असते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजले असते, तर त्या शांततेचा अर्थ वेळीच कळला असता. परगावी राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींत मुलांना त्रास नको म्हणून दुखणे दडविण्याची प्रवृत्ती आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

म्हणून उपचारापूर्वीचे माप हा सर्वांत मोलाचा कागद होय. ते नसेल तर पुढचे माप कशाशी ताडून पाहणार? शिवाय दोन्ही मापे एकाच पातळीवर, शक्य तर एकाच यंत्राने आणि एकाच व्यक्तीने घेतलेली असावीत. एक-दीड चौरस मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातातच असू शकतो. तेरावरून बारा झाले म्हणून पेढे वाटू नयेत, आणि बारावरून तेरा झाले म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.

उपचार तीन प्रकारचे. पहिला म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी. स्वस्त, निरुपद्रवी, आणि सौम्य दुखण्यात खरोखरच गुणकारी. फक्त ती सरळ असावी, मागे वाकविलेली नसावी, आणि रोज रात्री काही आठवडे बांधली जावी. दुसरा, बोगद्यात स्टेरॉइडची सुई. तिसरा, अस्थिबंध कापून छत मोकळे करणे.

सुईचा परिणाम पडद्यावर फार स्पष्टपणे पाहता येतो. अनेक रुग्णांत आठवड्याभरातच मज्जातंतूचा छेद कमी होऊ लागतो, आणि महिन्याभरात तो बराच ओसरतो. कलर डॉप्लर नावाच्या युक्तीने मज्जातंतूत वाढलेला रक्तप्रवाह दिसत असेल तर तोही मंदावतो. सुजेचे पाणी उतरल्याचे हे लक्षण होय. सुई टाकतानाही सोनोग्राफीचा उपयोग आहे. सुईचे टोक पडद्यावर दिसत असल्याने ते मज्जातंतूत शिरणार नाही याची काळजी घेता येते. काहींच्या बोगद्यात मज्जातंतू जन्मतः दुभंगलेला असतो, किंवा एक जास्तीची रोहिणी त्याच्या सोबतीला असते. हे आधी कळलेले बरे. मात्र सुईचा गुण टिकाऊ असतोच असे नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य आणि मध्यम दुखण्याच्या रुग्णांत सुई आणि रात्रीची पट्टी यांची तुलना केली गेली. सहा आठवड्यांनी सुई सरस ठरली. सहा महिन्यांनी दोहोंत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. आमच्या पाहण्यात असे पुष्कळदा येते की सुईनंतर माप उतरते, रात्री शांत जातात, आणि मग पाच-सात महिन्यांनी माप चढू लागते. कधी मुंग्याही त्याच सुमारास परततात, कधी थोड्या मागाहून. माप चढते आहे हे ठाऊक असेल तर दुसरी सुई, तिसरी सुई असे करीत वर्षे दवडण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार वेळेवर होतो. मधुमेही मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे: सुईनंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते.

शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि येथे चित्रावर आंधळा विश्वास टाकणाऱ्याची फसगत होते. छत कापल्यावर रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा त्याच आठवड्यात थांबतात. मज्जातंतूचे माप मात्र सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने उतरते, आणि बहुतेकांत ते निरोगी मर्यादेपर्यंत कधीच पोहोचत नाही. अठराचे तेरा होते आणि तेथेच राहते. फुगलेल्या मज्जातंतूत केवळ पाणी असेल तर ते ओसरते. दीर्घकाळच्या दाबाने आत तंतुमय ऊतक माजले असेल तर ते तसेच राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वर्षाने कोणी सोनोग्राफी केली, अहवालात ‘मज्जातंतू फुगलेला आहे’ असे आले, आणि त्या एका ओळीने सुखाने झोपणाऱ्या गृहिणीची झोप उडाली, असे प्रकार घडतात. तिच्याजवळ आधीचे माप असते तर कळले असते की फुगवटा होता त्याहून पुष्कळ कमी झालेला आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर टाक्यांच्या सुजेमुळे चित्र मुळीच विश्वसनीय नसते. तेव्हा पाहू नये हेच उत्तम.

याउलट शस्त्रक्रिया होऊनही मुंग्या थांबत नाहीत, तेव्हा हेच यंत्र फार उपयोगी पडते. एका भगिनींची शस्त्रक्रिया अन्यत्र झाली होती. तीन महिने उलटले तरी रात्रीचे जागणे चालूच. ‘मनाचे खेळ आहेत’ असेही त्यांना सांगून झाले होते. सोनोग्राफीत दिसले की अस्थिबंधाचा बोटांकडील थोडासा भाग कापावयाचा राहून गेला होता, आणि मज्जातंतू त्याच्या कडेशी दुमडल्यासारखा चेपत होता. उरलेला भाग मोकळा केल्यावर त्यांच्या रात्री परत आल्या. विजेच्या चाचणीने एवढेच सांगितले असते की मज्जातंतू अजून मंद आहे. कोठे अडले आहे ते ती दाखवू शकत नाही. कधी कधी अडचण म्हणजे बोगद्यात वाढलेली गाठ असते, कधी कंडरांच्या आवरणाची सूज, कधी शस्त्रक्रियेचा व्रण. प्रत्येकाचा उपाय वेगळा. या बाबतीत सोनोग्राफीची बरोबरी करणारे इतके सोपे आणि स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

आपण भारतात राहतो म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे मज्जातंतू जाड होण्याचे एक कारण कुष्ठरोग हेही आहे, आणि तो आजही दिसतो. त्यात मध्य मज्जातंतू बोगद्याच्या तोंडाशीच न थांबता मनगटाच्या वरही बराच जाड असतो, आणि पुष्कळदा कोपराशी करंगळीकडचा मज्जातंतूही जाड लागतो. यंत्राचा भाग दोन वीत वर सरकविण्याचे कष्ट घेतले की हे दिसते, आणि औषधांनी बरा होणारा रोग चुकून चाकूखाली जात नाही. कोणाही रुग्णाच्या दंडापर्यंत एकदा पाहिल्यावाचून अहवालावर सही करू नये, असे आमचे मत आहे.

आता एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. मनगट तपासणाऱ्या वैद्याच्या मेजावरच हे यंत्र असावे, म्हणजे बोलता बोलता पाहता येईल, अशी पद्धत अन्य देशांत रूढ आहे. आपल्याकडे ते सोपे नाही. गर्भलिंगनिदानाच्या अनिष्ट प्रथेमुळे सोनोग्राफीच्या यंत्रांवर कायद्याची करडी नजर आहे. या बाबतीत पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ साली झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. यंत्राची व जागेची नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते मनास येईल तसे हलविता येत नाही. यामुळे हातांच्या रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात जावे लागते, हे खरे. तरी ज्या कारणासाठी हा कायदा झाला ते पाहता ही गैरसोय सोसण्याजोगी आहे, असेच आम्ही म्हणू. तिच्यावर उपाय एकच: दोन दारांमध्ये कागद नीट फिरला पाहिजे. अहवालात नुसते ‘मज्जातंतू फुगलेला’ असे न लिहिता किती, कोणत्या पातळीवर, कोणत्या हाताचा, जाळी शिल्लक आहे की नाही, हे लिहिलेले असावे. ते नसेल तर रुग्णाने मागून घ्यावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

आणि रुग्णानेही आपल्या बाजूने एक लहानशी नोंद ठेवावी. आठवड्यातून किती रात्री जाग आली, सुईत दोरा ओवता येतो का, तांदूळ निवडताना खडा बोटाला जाणवतो का, डब्याचे झाकण फिरविताना अंगठा साथ देतो का. यंत्राचा आकडा आणि ही नोंद शेजारी शेजारी ठेवली म्हणजे वैद्याला पुष्कळ कळते. दोन्ही एकाच दिशेने चालली असतील तर ठीक. मुंग्या कमी पण अंगठा दुबळा, अशी फारकत दिसली तर थांबू नये. माप थोडे जास्त पण रात्री शांत आणि अंगठा बळकट, असे असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून घाई करू नये.

भाषणानंतर श्रोत्यांनी काही प्रश्न विचारले. त्यांतील दोन येथे देत आहोत.

एका तरुण भगिनीने विचारले की सातव्या महिन्यात दोन्ही हात बधिर होतात, बाळंतपणानंतर ते आपोआप थांबेल काय? बहुतेकींचे थांबते, काहींना मात्र काही महिने लागतात, आणि थोड्या जणींचे रेंगाळते. तोपर्यंत रात्रीची पट्टी पुरेशी असते. मनगटाची सोनोग्राफी या काळात निर्धोक आहे. प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांनीही मुंग्या राहिल्या तर पुन्हा मोजून घ्यावे. बाळाला अंगावर पाजताना मनगट फार मुडपले जात असेल तर हाताखाली उशी घ्यावी.

मंडळाच्या भजनी वर्गात पेटीची साथ करणाऱ्या गृहस्थांनी विचारले की शस्त्रक्रिया झाल्यास गणेशोत्सवापर्यंत हात तयार होईल काय? शस्त्रक्रिया हात बधिर करून होते, त्याच दिवशी घरी जाता येते, आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवावयाचीच असतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तळहाताच्या बुडाशी दाबले असता दुखणे दोन-तीन महिने राहू शकते, आणि मुठीचा जोरही तेवढ्या अवधीत भरून येतो. तेव्हा पट्ट्यांवर बोटे फिरविण्यास महिन्याभरानंतर हरकत नसावी. पेटीचा भाता मात्र या वर्षी दुसऱ्या हाताकडे द्यावा, आणि पेटी उचलून मंचावर नेण्याचे काम तर कार्यकारिणीतील तरुण सभासदांनीच करावे.